बायजाची गाडी

साकोली, १० मार्च १९७४

भाऊ,

सप्रेम जयभीम. आपल्या बागेतल्या गाडीच्या इंजिनाचं काय झालं ते दोन ओळींत तरी कळव. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे दिवस संपले तसं तू ते ट्रकवर चढवून नेलंस. रायपूरला लक्ष्मणराव ठेकेदारांच्या वर्कशॉपात सिलिंडर बोअर करून घेतो, नवीन पिस्टन टाकतो, महिनाभरात परत आणतो, असं म्हणाला होतास. होळी होऊन गेली. अजून पत्ता नाही.

बाबा रोज सकाळी रुळांवरचा पाला झाडतात. डबे पुसतात. आमराईच्या टोकाला जाऊन हायवेकडे बघत उभे राहतात आणि परत येतात. मी विचारलं की म्हणतात, "काही नाही, वळणावरचा रूळ पाहून राहिलो होतो." रेल्वेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी फिटरची सवय जात नाही.

रविवारी भंडाऱ्याहून लोक येतात. सिमेंटच्या हत्तीच्या सोंडेवरून पोरं घसरतात, पाळण्यात बसतात, पण विचारतात ते गाडीचंच. "आज बायजाची गाडी बंद आहे का?" मी तिकिटाच्या खिडकीतून सांगते, दुरुस्तीला गेली. एक नवरा-नवरी शहापूरहून मांडवपरतणी आटोपून मुद्दाम आली होती, नवरीचे हळदीचे हात अजून पिवळे. डब्यात नुसतीच बसून फोटो काढून गेली.

पाणी ओढायच्या इंजिनाला पत्र्याचं नाक आणि धुराडं बसवून कोणी रेल्वे करील असं आईला खरं वाटलं नव्हतं. ती गेली त्या वर्षीच गाडी सुरू झाली आणि तिचं 'बायजा' हे नाव तूच इंजिनावर रंगवलंस. पांढऱ्या रंगात, काळी किनार देऊन. तेव्हा तू म्हणाला होतास ते मला आठवतं. आपल्या वस्तीत पाणी न पिणारी माणसंही आपल्या डब्यात पोरं मांडीवर घेऊन बसतात, आणि गाडी सुटली की कोणाच्या बाजूला कोण बसलंय हे कोणी बघत नाही. बाबांना ते फार आवडलं होतं. अजून पाहुण्यांना सांगतात, माझा भैय्यालाल असं म्हणतो.

शहापूरचं ते मास्तरांचं स्थळ होतं ना, ते आम्ही सध्या थांबवलं आहे. बाबा एकटे पडतात. तू आलास की बघू.

तुझी
वच्छला


साकोली, १ सप्टेंबर १९७४

भाऊ,

तुझं पत्र मिळालं. लग्न झालं हे तू लग्न झाल्यावर कळवलंस. लक्ष्मणरावांचीच मुलगी, नाव सुलोचना. सगळं घाईत झालं, बोलावता आलं नाही, हेही वाचलं. बाबांना मी वाचून दाखवलं. त्यांनी वस्तीत पेढे वाटले. पेढे घेताना लोक विचारत होते, सून कधी आणता? बाबा म्हणाले, "इंजिनासंगच येईल."

आता माझं ऐक. भातगिरणीवाल्या पुंडलिकरावांचा ट्रक तांदूळ घेऊन रायपूरला जातो. त्यांच्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं, रायपूरला लक्ष्मणराव ठेकेदारांची नवी बाग झाली आहे, कारंजी आहेत, रंगीत लाइट आहेत, आणि आत तुमच्याच इंजिनावर गाडी चालून राहिली आहे. मी म्हटलं, आमचं कसं असेल, दुसरं असेल. तो म्हणाला, "बाई, मी त्या इंजिनामागं चारदा बसलो. माझं पोट्टं बसलं. मले नाही समजत का?"

तू मला लिहिलंस की पिस्टन कलकत्त्याहून यायचा आहे.

हे मी बाबांपासून लपवणार होते, पण ड्रायव्हर त्यांच्या समोरच बोलला. बाबांनी त्याला एवढंच विचारलं, "चालून राहिली ना? बंद तर नाही?"

त्यानंतर आठ दिवस ते आमराईकडे फिरकले नाहीत. मी बागेच्या फाटकाला कुलूप घालायला निघाले होते. तर बाबांचे दोस्त तुलारामकाका बैलजोडी घेऊन दारात उभे. "बंद कायले ठेवता? माझी जोडी लावा. उन्हाळाभर रिकामीच असते, आता धानाचं रोवणंही आटोपलं." बाबा हसले. किती दिवसांनी हसले. दोघांनी मिळून पुढच्या डब्याला जू बसवलं. बैल आधी रुळांच्या मध्ये चालेनात, तर तुलारामकाका स्वतः पुढे चालले आणि बैल त्यांच्या मागे.

तान्ह्या पोळ्याला एवढी गर्दी झाली की काय सांगू. पोरांच्या हातात लाकडी बैल आणि पुढे खरे बैल गाडी ओढतायत. पोरं उतरायलाच तयार नव्हती. साकोलीच्या दुकानदारांची पोरं, आपल्या वस्तीतली पोरं, सगळी एका डब्यात कोंबलेली. एक म्हातारी म्हणाली, हीच बरी, ते फटफट करत होतं तर माझी छाती धडधडे.

म्हणजे बाग चालू आहे. इंजिनाशिवाय चालू आहे. पण तू खोटं लिहिलंस, भाऊ. मागितलं असतंस तर बाबांनी ते तुला स्वतःच्या हातांनी ट्रकवर चढवून दिलं असतं, हे तुला माहीत नव्हतं का?

आणि एक. पाकिटावर आपलं आडनाव लिहू नको, नुसतं लक्ष्मणरावांचा पत्ता टाक, असं तू लिहिलंस. पोस्टमन गोंधळतो म्हणे. तू म्हणतोस तसं केलं आहे. पण पोस्टमन कसा गोंधळतो ते मला समजलं नाही.

वच्छला


साकोली, २३ जानेवारी १९७७

भाऊ,

बाबा तुझ्याकडे आठ दिवस राहायला म्हणून निघाले होते. तिसऱ्या दिवशी परत आले. मी तुझ्या मुलीसाठी तिळाचे लाडू दिले होते, झबलं दिलं होतं. तुलारामकाका सोबतीला गेले होते. गोंदियापर्यंत बस, तिथून रेल्वे.

परत आले ते हातपाय धुऊन खाटेवर बसले. मी विचारलं, "कसं आहे सगळं?"

"छान आहे. गर्दी आहे."

"इंजिन?"

"आवाज साफ आहे. चांगलं ठेवलंय त्यानं."

"अन् पोरगी?"

तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "पोरगी बायजावर गेली. कपाळ तसंच. हसली का गालाले तशीच खळी पडते." आणि मग उठून बाहेर गेले.

लवकर काहून आले, सुनेनं काय केलं, काय जेवलात, कशाचंच उत्तर नाही. चार दिवस मी विचारत होते. शेवटी मी तुलारामकाकांना बागेत गाठलं, बैल सोडत होते तेव्हा. म्हटलं, काका, मला खरं सांगा. त्यांनी आधी नको नको केलं. मग तिथेच हत्तीच्या पायथ्याशी बसले आणि सांगितलं. ते जसं सांगितलं तसं लिहिते. तुला माहीतच आहे, पण मलाही माहीत आहे हे तुला कळू दे.

"फाटकावर भैय्यालाल उभा होता. सफारी घातलेला. आम्ही रस्त्याच्या पल्याड होतो तेव्हाच त्यानं आम्हाले पाहिलं, हे मी पाहिलं. तुहा बाप यादोराव पुढं झाला. हातात तुह्या लाडवाचा डबा. तेवढ्यात आतून सासरा आला, बायको आली, तिच्या कडेवर पोरगी. सासऱ्यानं विचारलं, कोण हे? अन् तुहा भाऊ म्हणाला, आमच्या गावाकडचे जुने फिटर आहेत. इंजिन बघायला आले."

"मग?"

"मग का? यादोरावनं डबा खाली ठेवला अन् दोन्ही हात जोडले. नमस्कार साहेब, म्हणाला. साहेब, वच्छला. पोटच्या पोराले साहेब."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी बोलणार होतो. तोंड उघडलंच होतं. यादोरावनं माझं मनगट असं दाबलं, का हाड मोडतं. मग सुनेनं चहा दिला. बाहेरच, झाडाखाली. ती बिचारी चांगली बोलली. फिटरकाका, एवढ्या लांबून आलात, म्हणाली. डबा देताना यादोरावनं सांगितलं, गावाकडच्या पोरीनं दिलं आहे, लेकरासाठी."

तू तिथे असूनही चहा संपायच्या आत ऑफिसात निघून गेलास. बाबांनी खिडकीवर जाऊन तिकीट काढलं. तुझी बायको मुलीला घेऊन गाडीत बसली होती, तिच्या मागच्या डब्यात बसले आणि एक फेरी मारली. मुलगी मागे वळून वळून बघत होती. बाबांनी तिला टाळ्या वाजवून दाखवल्या. गाडी थांबली, उतरले, आणि दोघे चालत स्टेशनवर आले. इंजिनावर आता तांबड्या रंगात 'सुलोचना' लिहिलं आहे, हेही काकांनीच सांगितलं. बाबांनी ते मला सांगितलं नाही.

घरी येऊन मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुम्ही नमस्कार काहून केला? कानाखाली काहून नाही वाजवली?"

ते म्हणाले, "त्याचं घर आहे बाई तिथं. त्यानं त्यायले सांगितलं नसेल आपण कोण आहोत ते. मी तोंड उघडतो अन् त्याचं घर मोडते. मोडून मले का भेटणार?"

"अन् आपलं?"

"आपलं का झालं? आपलं तर सारं जागेवर आहे."

मला सवय आहे, भाऊ, माणसं आपल्याशी कशी वागतात याची. लहानपणी विहिरीवर कोणी काय म्हटलं, शाळेत कुठे बसवलं, ते तुलाही आठवत असेल. त्या लोकांचा राग आला तरी त्यांनी दगा दिला असं मी कधी म्हटलं नाही. त्यांनी कधी काही कबूल केलंच नव्हतं. दगा आपलं माणूस देतं.

आता हे पत्र तुझ्या घरी कोणी वाचलं तर? ही भीती तुला वाटत असेल. म्हणून पुंडलिकरावांच्या ड्रायव्हरच्या हातीच पाठवते आहे, तुझ्याच हातात द्यायला सांगून. बाबांनी मला शपथ घातली आहे. नाहीतर पोस्टकार्डावर लिहिलं असतं.

वच्छला


साकोली, ९ ऑगस्ट १९७९

भैय्यालाल,

तार तुला मिळाली. पोचल्याचं पोस्टात कळलं आहे, त्यामुळे मिळाली नाही असं लिहू नको.

बाबांना आषाढाच्या पावसात ताप आला. वळणाजवळ पाणी साचून रूळ खचत होते, तिथे मुरूम टाकायला दोन दिवस उभे होते. मी ओरडले, ऐकलं नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. बोलता येत होतं तोवर त्यांनी तुझं नाव एकदाच घेतलं. म्हणाले, "त्याले कळवशील तर नीट कळवजो. त्याच्या घरी गडबड नको."

म्हणून मी नीट कळवलं. पोस्टात जाऊन लिहून दिलं: जुना फिटर यादोराव वारला, ताबडतोब या. तारबाबू माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं बाबांच्या गाडीत पोरं बसवली आहेत. म्हणाला, "बाई, हे काय लिहिता? बाप वारला असं लिहा. नाहीतर मुलगा यायचा नाही." मी म्हटलं, तो असाच येईल. जसं लिहिलंय तसंच पाठवा.

एका फिटरच्या मौतीला यायला तुला कोणी अडवलं नसतं. बायकोला सांगता आलं असतं, जुना माणूस होता, जाऊन येतो. एवढी वाट मी तुला मोकळी ठेवली होती.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. रायपूरची गाडी गोंदियाला आली असेल, तिथून बस मिळाली असेल, असं म्हणत. लोक बसून होते. पाऊस उघडला तेव्हा बौद्धाचार्य म्हणाले, आता उशीर नको. त्रिशरण झालं. वस्तीतले तर होतेच, पण साकोलीतली किती माणसं आली होती! आपल्या दारात कधी न आलेली. कौशल्याबाई दुकानदारीण रडत होती, तिच्या चारही पोरांचं जावळ काढल्यावर पहिली फेरी बाबांनी फुकट दिली होती म्हणून. तुलारामकाका म्हणाले, अग्नी मी देतो. मी म्हटलं, नाही, मी देते. आणि दिला.

त्यानंतर तुझी मनीऑर्डर आली. सोबत चिठ्ठी, 'क्रियाकर्मासाठी'. ती मी परत केली आहे.

वच्छला


साकोली, ६ मार्च १९८२

तुला लिहायचं नव्हतं. पण आज सांगायला दुसरं कोणी नाही.

हत्तीचा कान तुटला होता, तो मी स्वतः सिमेंट कालवून लावला. थोडा मोठा झाला. पोरांना तेच आवडलं, म्हणतात हा कान ऐकायचा आहे.

शहापूरचे कृष्णराव मास्तर आज बायको-मुलांना घेऊन आले होते. दोन मुली, एक मुलगा. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. तिकिटं मीच फाडली. बायको छान आहे. जाताना ते म्हणाले, "बरी आहात ना?" मी म्हटलं, बरी आहे, मुलांना पुन्हा आणा.

बस, एवढंच.

वच्छला


साकोली, १ डिसेंबर १९८५

भैय्यालाल,

तुझं पत्र आलं. सुलोचनावहिनी आणि बेबीला ताबडतोब पाठवून दे, असं लिहिलं आहेस. त्याच पत्रात हायवेकडची जमीन एक हॉटेलवाला घ्यायला तयार आहे, माझ्या अर्ध्या हिश्श्याचे कागद तयार ठेव, असंही लिहिलं आहेस. दोन्हीचं उत्तर देते.

त्या दोघी मंडईच्या आदल्या दिवशी आल्या. मी खिडकीत होते. एक बाई दहा वर्षांच्या मुलीचा हात धरून रांगेत उभी. नंबर आला तरी तिकीट मागेना. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही वच्छलाताई का? मी रायपूरहून आले."

मी मुलीकडे पाहिलं. कपाळ पाहिलं. मला विचारायची गरज नव्हती.

वहिनीनं मला सगळं सांगितलं. तुझे सासरे गेले, बाग बसली, जागा प्लॉट पाडून विकली गेली, पाळणे, कारंज्याचे पाइप, इंजिन, सगळं भंगारवाल्यानं एकदम उचललं. घर सोडून तुम्ही भाड्याच्या खोलीत आलात. तेव्हा तू तिला म्हणालास, माझी साकोलीला जमीन आहे. तिनं विचारलं, तुम्हाला तर कोणी नव्हतं ना? मग तुला सांगावं लागलं. अकरा वर्षांनी, आणि तेही जमीन विकायची म्हणून.

ती म्हणाली, "ताई, मी त्यांना चहा दिला होता. कामगारांसाठी वेगळे कप ठेवलेले असायचे, त्यातला. ते माझ्या मुलीकडे बघत होते आणि मला वाटलं, म्हाताऱ्याला लेकरांची आवड आहे." मग ती रडली. मी तिला रडू दिलं. माझ्या मनात तिच्याबद्दल काय काय होतं ते तुला काय सांगू, इतक्या वर्षांचं. त्या लाल अक्षरातल्या नावासकट.

ती शांत झाल्यावर म्हणाली, "त्यांनी मला लग्नाआधी खरं सांगितलं असतं तर..."

मी विचारलं, "तर काय केलं असतं तुम्ही?"

ती म्हणाली, "माहीत नाही. वडिलांनी होऊ दिलं नसतं. मी भांडले असते का, ते खरंच माहीत नाही."

भैय्यालाल, एवढं खरं मला तुझ्याकडून एकदाही मिळालं नाही. त्या एका वाक्यासाठी मी तिला घरात घेतलं.

दुसऱ्या दिवशी मंडई होती. खेड्याखेड्यांतून माणसं आली. तुलारामकाकांना आता चालवत नाही, त्यांचा मुलगा जोडी हाकतो. वहिनी दिवसभर माझ्याजवळ खिडकीत बसून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "आमच्याकडे एवढे लाइट होते, कारंजं होतं. पाच वर्षांत लोक कंटाळले. इथे तर एक सिमेंटचा हत्ती आहे आणि बैल. मग इतके लोक का येतात?"

मी कधी विचार केला नव्हता. तेवढ्यात एक बाई आपल्या मुलीला डब्यात बसवत होती, तिला म्हणत होती, "सरक थोडी, इथंच बसली होती मी लहानपणी, तुह्या मामाच्या मांडीवर." मी वहिनीला म्हटलं, ऐका. म्हणून येतात. आम्ही इथलं काही हलवलं नाही, फक्त डागडुजी केली. माणूस मोठं होऊन परत येतं तेव्हा त्याला त्याची जागा जागेवर सापडते.

बेबीनं त्या दिवशी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. उतरून धावत आली आणि विचारलं, "आत्या, ही गाडी कोणी बनवली?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी. यादोराव त्यांचं नाव. तुझ्या बाबांचे बाबा." ती म्हणाली, "माझे आजोबा तर लक्ष्मणराव होते." मी म्हटलं, "तेही होते. हेही होते." लगेच पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली आणि पुढच्या पोराला सांगू लागली, गाडी माझ्या आजोबांची आहे.

आता जमिनीचं. अर्धी तुझी आहे. बाबांनी ना तुला तोडलं, ना मला तोडू दिलं. मी तुला अडवणार नाही. पण कागद पोस्टानं पाठवणार नाही. इथे ये. हॉटेलवाल्याला घेऊन भर दुपारी बागेत ये, कोण आहेस, कोणाचा आहेस ते तुलारामकाकांसमोर सांग, कुठून कुठपर्यंतचे रूळ उखडायचे ते दाखव, मग मी सही करते.

वहिनीचं. ती आठ दिवसांसाठी आली होती, पंधरा झाले. पाठवून दे म्हणतोस, ती काही माझ्याकडे ठेवलेली वस्तू नाही. काल मी तिला विचारलं, उत्तर लिहून राहिले आहे, तुमच्याकडून काय लिहू? ती पाळण्याच्या साखळीला ग्रीस लावत होती. म्हणाली, "माझ्याकडून काही लिहू नका." म्हणून लिहीत नाही.

बेबीला शाळेत बसवायचं का, हे पुढच्या महिन्यात ठरवू. वस्तीतल्या पोरांत मिसळली आहे, बोलायलाही त्यांच्यासारखंच लागली आहे. आज सकाळी भाकर खाता खाता मला म्हणाली, "आत्या, एवढी चांगली जागा सोडून बाबा कायले गेले?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते आले की त्यांनाच विचार.

ती विचारणार आहे. तिला काय सांगायचं ते ठरवून ये.

वच्छला